रातकिड्याचा गळा

"...पण गळा कुठंय त्याचा, बाबा? तेवढं दाखवा. पुढचं माझं मी बघते."

वैजंतानं कमरेची काडेपेटी काढून फकिरासमोर ठेवली.

हसनशा बाबा लिंबाखाली बसून फणी कोरत होते. टेकडीवरच्या त्यांच्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, ना गादी, ना धूप. एक लिंब, एक चिंच, सरपणाचा ढीग आणि लाकडाचा भुसा. लोक मुलांसाठी ताईत मागायला येत आणि लाकडाची फणी घेऊन जात.

"कोणाचा गळा?" बाबांनी विचारलं.

"रातकिड्याचा. पेटीत आहे. मोरीतल्या रांजणाखालून धरला. तीन दिवस झाले, मोबाईलची बॅटरी लावून बघते. डोकं दिसतं, मिशा दिसतात. गळा काही दिसेना."

"काय करायचाय गळा?"

"ताईतात घालायचाय. पोरीच्या."

तिनं तिकडं बोट केलं. साडेतीन वर्षांची ईश्वरी बकरीच्या शेपटीमागं शेपटी होऊन फिरत होती.

"बोलत नाही," वैजंता म्हणाली. "एक शब्द नाही. शेजारच्या गोदाकाकू म्हणाल्या, रातकिडा नखाएवढा आणि आवाज अख्ख्या शिवाराला. त्याचा गळा ताईतात घालून बांधला की पोर महिन्यात बोलतं. ताईत हसनशा बाबांकडनंच बांधून घे म्हणाल्या."

बाबांनी एक अर्धवट फणी आणि काचकागदाचा तुकडा तिच्या हातात दिला.

"घास."

"मी फणी घ्यायला नाही आले, बाबा."

"इथं बसून बोलायचं तर फणी घासायची. सगळेच घासतात. गेल्या गुरुवारी फौजदार येऊन दोन घासून गेला."

वैजंता नाइलाजानं बसली. पायातल्या चपला तिनं काढल्या नाहीत. नव्या होत्या, टाचेच्या. खाली पायऱ्यांपाशी ठेवल्या असत्या तर कुत्र्यांनी नेल्या असत्या.

"आजवर काय काय केलंस?" बाबांनी विचारलं.

"काय नाही केलं? वेखंड उगाळून चाटवलं. मध चाटवला. पोपटानं टोचलेला पेरू चारला, तर पोरीला जुलाब झाले. सासूबाई म्हणतात, पोर मुकी. मी म्हणते मुकी नाही, जिद्दी आहे. आमच्याकडं सगळेच जिद्दी."

"तू पण?"

"मी सर्वांत जास्त."

बाबा हसले. त्यांच्या मिशीला भुसा लागला होता.

"आणखी कोण काय म्हणतं?"

वैजंताचा काचकागद थांबला.

"अंगणवाडीची ताई म्हणते, कान तपासून घ्या. येत्या सोमवारी तालुक्याला डॉक्टर येणार आहेत. कागद पण दिलाय. म्हणजे माझी पोर बहिरी! भर रस्त्यात म्हणाली हो. मी पण तिथंच सुनावलं. म्हटलं, तुझी पोरं बघ आधी. हा सोमवार चुकला तर सहा महिने डॉक्टर येणार नाहीत म्हणे. नको येऊ देत. मला गरज नाही."

"का नाही?"

"कारण ऐकते ती! थांबा, दाखवते."

ईश्वरी बकरीला सोडून आता मातीत रेघा ओढत बसली होती. तिची पाठ इकडं होती. वैजंता उठली, दोन पावलं पुढं गेली आणि चपलेची टाच जमिनीवर आपटली.

ईश्वरी वळली. आईकडं बघून हसली.

"बघितलंत?" वैजंताचा चेहरा फुलला. "घरी पण असंच. फरशीवर ताट आपटलं की लगेच बघते. आता सांगा, बहिरी पोर वळेल का?"

बाबांनी काडेपेटी उचलली, जराशी सरकवली आणि एका डोळ्यानं आत बघितलं.

"ही गाते का?"

"नाही ना! धरल्यापासून मुकाट आहे. म्हणून तर मला धास्ती. मुक्याचाच गळा बांधला तर..."

"मादी आहे. मागं सुई दिसते का लांब? अंडी घालायची. मादी गात नाही."

"मग काय करते?"

"ऐकते. नर गातो, ही ऐकते आणि त्याच्याकडं जाते."

"म्हणजे तिथंही बाईनंच ऐकून घ्यायचं!"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी पेटी मिटून तिला दिली, आपली फणी खिशात घातली आणि उठले.

"चल. गाणारा दाखवतो."

आभाळ भरून आलेलं होतं. भादव्यातली दुपार असून संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं. सरपणाच्या ढिगाखाली किर्रर्र चालू होतं. एक नाही, चार-पाच तरी असतील.

वैजंता तरातरा पुढं गेली.

किर्रर्र थांबलं. एकदम, एखाद्यानं बटण बंद करावं तसं.

ती थबकली. बाबा मागंच उभे होते. थोड्या वेळानं एकानं सुरू केलं, मग दुसऱ्यानं. वैजंतानं श्वास रोखून आणखी एक पाऊल टाकलं.

पुन्हा शांत.

"मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही," ती कुजबुजली.

"चपला काढ," बाबा म्हणाले.

"काटे असतील, बाबा."

"असतील."

तिनं तिसऱ्यांदा चपलांसकट पाऊल टाकून बघितलं. तिसऱ्यांदाही तेच झालं. मग तिनं तोंड वाकडं करत चपला काढल्या आणि पाऊल अलगद टेकवत, मातीला हळूच विचारत विचारत ढिगापर्यंत गेली. उकिडवी बसली. हलली नाही.

किर्रर्र सुरू झालं. अगदी तिच्या गुडघ्यापाशी.

बाबांनी काठीनं एक फळी जराशी उचलली. खाली काळपट, तकतकीत किडा होता. त्यानं पाठीवरचे दोन पंख वर उचलले होते आणि ते थरथरत होते.

"तोंड बघ त्याचं," बाबा हळूच म्हणाले.

वैजंता वाकली. तोंड मिटलेलं होतं. गळा असायला हवा तिथं काहीच हलत नव्हतं. आणि कानाच्या पडद्याला भोक पडेल असा आवाज येत होता.

"मग आवाज कुठनं येतोय?"

बाबांनी खिशातली फणी काढली. अंगठ्याचं नख तिच्या दातांवरून ओढलं.

कर्रर्र.

"एका पंखाला खालून असे दात असतात. अगदी बारीक. दुसऱ्या पंखाची कडा त्यावरून घासायची. झालं गाणं."

"गळ्यातनं नाही?"

"गळ्याचा संबंधच नाही."

वैजंताचा हात मात्र विचार करायला थांबला नाही. तिनं झडप घातली आणि किडा मुठीत धरला.

"सापडला! नर आहे ना? मग पंखच घाला ताईतात. गळा नसला तर नसू दे."

"गाऊ दे त्याला. ऐकू."

तिनं मूठ कानाशी नेली. वाट बघितली.

"गात नाही."

"का?"

"मला काय माहीत? भ्याला असेल. आता तर गात होता."

बाबा तिच्या मुठीकडं बघत राहिले. मग तिनंच आपल्या मुठीकडं बघितलं. बोटं पांढरी पडली होती, इतकी आवळलेली.

तिनं मूठ उघडली. किडा क्षणभर तळव्यावर बसला आणि उडी मारून ढिगात गेला.

"आणि ऐकतात कशानं?" तिनं विचारलं. आता आवाजात मघाचा तोरा नव्हता. "डोक्याला तर कान दिसला नाही मला."

बाबांनी आपल्या नडगीवर बोट ठेवलं. गुडघ्याच्या जरा खाली.

"इथं. पुढच्या दोन पायांना."

"पायाला कान!" वैजंता खळखळून हसली. "काहीही बाबा! पायाला कुठं..."

ती हसता हसता थांबली.

बाजूला पडलेल्या आपल्या चपलांकडं तिनं बघितलं. मग मागं वळून, मातीत बसलेल्या ईश्वरीच्या उघड्या पायांकडं बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

बाबांनी काठी बाजूला ठेवली.

"नाही हो, बाबा. ते किडे आहेत. माझी पोर..."

चिंचेच्या फांदीला दोरीचा झोपाळा होता. आयांबरोबर येणाऱ्या पोरांसाठी बाबांनीच बांधलेला. त्यांनी ईश्वरीजवळ जाऊन झोपाळ्याकडं बोट दाखवलं. ती टाळ्या पिटत उठली. बाबांनी तिला उचलून बसवलं, तोंड दरीकडं करून. तिचे पाय जमिनीपासून हातभर वर लोंबत राहिले.

मग बाबा परत आले आणि भुसा भरायचं पत्र्याचं ताट त्यांनी वैजंताच्या हातात दिलं.

"बोलव तिला."

"ईश्वरी!"

झोपाळा हलत होता.

"इशे! ए इशू!"

पोरीनं मान वळवली नाही. वैजंतानं पाय आपटला. अनवाणी पाय, मग चपला घालून टाचेचा. झोपाळा हलतच होता.

"वारा उलटा आहे," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. असेल.

मग तिनं ताट उचललं आणि शेजारच्या दगडावर सगळ्या ताकदीनं आपटलं.

बकरी दावं ताणून उडाली. लिंबावरचे कावळे सगळे एकदम उठले. ढिगाखालचं किर्रर्र बंद पडलं. टेकडीखाली कोणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं.

ईश्वरी दरीकडं बघत झोके घेत होती.

कावळे तिच्या डोक्यावरून गेले तेव्हाच तिनं वर बघितलं. मग दोन्ही हात पसरून कावळ्यांसारखे हलवले.

वैजंताच्या हातातलं ताट खाली पडलं. ती मटकन दगडावर बसली.

बाबांनी ताट उचलून बाजूला ठेवलं.

"मी मारलंय तिला," वैजंता म्हणाली. "हाक मारली की येत नाही म्हणून. पाठीवर वळ उठेपर्यंत. जिद्द उतरवते म्हणायचे."

बाबा तिच्यासमोर खाली बसले. समजूत घातली नाही.

"आणखी?"

"आणखी काय? सारखे हात नाचवते म्हणून हात धरून ठेवायचे. दोन्ही हात माझ्या एका हातात. हात खाली, म्हणायचे. तोंडानं माग, तर पाणी देईन..."

तिनं आपली मूठ बघितली आणि पदराखाली लपवली.

झोपाळा थांबला होता. ईश्वरी घसरत खाली उतरली. ती आईकडं आली नाही. मघापासून ही दोघं त्या लाकडांपाशी काय बघत होती, ते तिला बघायचं होतं. ती अनवाणी, दबकत, एकेक पाय टेकवत ढिगापाशी गेली. उकिडवी बसली.

पुन्हा सुरू झालेलं किर्रर्र बंद झालं नाही.

वैजंतानं मान वर केली. "तिला कोणी सांगितलं असं चालायला?"

बाबांनी खांदे उडवले.

पोर फटीत डोळा घालून बघत होती. कितीतरी वेळ. मग धावत आली. आईनं लिंबाखाली ठेवलेली अर्धवट फणी तिनं उचलली, आपल्या हनुवटीला टेकवली आणि नख दातांवरून ओढलं. तिचे डोळे मोठे झाले. पुन्हा ओढलं. खुदकन हसली. बाबांनी मघा ढिगापाशी काय केलं होतं, ते तिनं लांबून टिपलेलं होतं.

मग तिनं फणी आईच्या हनुवटीला लावली. घट्ट दाबून. आणि नख ओढलं.

वैजंताच्या जबड्याच्या हाडातून ते किर्रर्र वर चढलं, दातांत शिरलं, कानामागं घुमलं. तिनं डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा ईश्वरी फणी टाकून समोर उभी होती. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले, कोपरं वर उचलली आणि एकमेकांवर घासली. तोंड घट्ट मिटलेलं. भुवया आईकडं उंचावलेल्या. मग तिनं ढिगाकडं बोट दाखवलं आणि आईचा पदर ओढला.

"बाबा..."

"काय?"

"ती म्हणते, तिथं रातकिडा आहे. चल, म्हणते."

"मला तर काही ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले. "तुला आलं?"

वैजंतानं डोळे पुसले.

"आलं."

आणि मग तिला थांबवता येईना. "ट्रकवर गेलेल्या बापाची आठवण आली की ती अशा दोन मुठी फिरवते, बाबा. स्टिअरिंगसारख्या. सासूबाई आल्या की असा पाठीला बाक देते, खट्याळ कुठली. भाकरी करपली की नाक धरते. कालच तिनं असं काहीतरी केलं, बोटं अशी अशी पावसासारखी, आणि मी तिला फटका दिला. कपडे वाळत होते बाहेर. सगळे भिजले..."

"म्हणजे सांगितलं होतं तिनं."

"आधी सांगितलं होतं."

ती हसली की रडली ते नीट कळलं नाही. दोन्ही असेल.

ईश्वरी पदर ओढतच होती. वैजंता उठली आणि तिच्याबरोबर ढिगापाशी गेली. न सांगता चपला काढून गेली. मायलेकी फटीला डोळा लावून बसल्या. परत येताना वैजंतानं काडेपेटी उघडून मादीला लाकडांपाशी सोडलं. ती थोडा वेळ पुढचे पाय हलवत थांबली आणि मग नेमकी त्या आवाजाकडं चालत गेली.

"बरोबर गेली," वैजंता म्हणाली.

मग तिनं पाकिटातून एक चुरगळलेला कागद काढला. मांडीवर ठेवून तळव्यानं सारखा केला. बाबांना वाचता येत नव्हतं. तिनंच वाचून दाखवला.

"सोमवार, सकाळी दहा वाजता. लहान मुलांच्या कानाची तपासणी. येताना जन्माचा दाखला आणावा."

"जाणार?"

"सकाळच्या सातच्या गाडीनं जाणार. आधी उद्या अंगणवाडीत जाऊन त्या ताईच्या पाया पडते. म्हणत होती, कानाला मशीन लावतात, बोलायला शिकवतात. हातांनी बोलायचं शिकवणारी पण शाळा असते म्हणे. मी पुरतं बोलूच दिलं नाही तिला." ती जरा थांबली. "तिथं सांगितलं, काही होणार नाही, तर?"

बाबांनी पोरीकडं बघितलं. ती बकरीसमोर उभी राहून कोपरं घासून तिला रातकिड्याची बातमी सांगत होती. बकरी चघळत ऐकत होती.

"तिला विचार," बाबा म्हणाले.

त्यांनी ती अर्धवट फणी उचलली, बाकीचे दात स्वतः घासून गुळगुळीत केले, फुंकर मारली आणि ईश्वरीच्या केसांत खोचली. तिनं ती लगेच काढून हनुवटीला लावली.

ताईतासाठी घरून आणलेली रिकामी डबी वैजंताच्या कमरेलाच राहिली होती. तिनं ती पाकिटात टाकली. गोदाकाकूंना काय सांगायचं ते वाटेत ठरवता येईल.

निघायची वेळ झाली. तिनं पदर खोचला, चपलांत पाय सरकवले. पोर दहा पावलं पुढं गेली होती, पाठमोरी. वैजंतानं सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं.

तसंच मिटलं.

ती मागं वळली. "बाबा, आज गुरुवार. मशीन, शाळा, जे काही व्हायचं ते सोमवारनंतर. तोवर चार दिवस आहेत. तिचं मला आता कळेल थोडं थोडं. पण माझं तिला कसं कळणार? मी तिच्याशी कशी बोलू?"

बाबांनी नवा लाकडाचा तुकडा हातात घेतला होता. वर न बघता ते म्हणाले,

"चपला काढ."